पाचट्याचं शास्त्रीय नाव

याकोब, तुझ्या अंत्यविधीच्या उपासनेत पाळकसाहेब म्हणाले की तू फार मृदू स्वभावाचा माणूस होतास. मी पदर तोंडाला लावला. शेजारी बसलेल्या तुझ्या बहिणीला वाटलं मी रडतेय, तिने माझ्या पाठीवरून हात फिरवला. मला हसू आवरत नव्हतं. इतक्या वर्षांच्या संसारात तुला कुणी मृदू म्हटलेलं मी पहिल्यांदाच ऐकत होते, आणि नेमका ते ऐकायला तू पेटीत होतास. जागा असतास तर उभा राहिला असतास आणि म्हणाला असतास, पाळकसाहेब, वर्णन चुकलंय, दुरुस्त करा.

कॉलेजवाल्यांनी तुझ्यावर लेख मागितलाय. जन्म, शिक्षण, नोकरी, निवृत्ती हे सगळं त्यांच्या दप्तरी आहे, ते त्यांनी छापावं. मला आपलं भांडण पुढे चालवायचंय. तू ते अर्ध्यावर टाकून गेलास, आणि भांडण अर्ध्यावर टाकायची तुझी पद्धत नव्हती.

तू प्राणिशास्त्र शिकवायचास, मी मराठी. मी कादंबऱ्या लिहायचे आणि त्यांत जगात कुठेही नसलेले प्राणी असायचे. त्यांना आपल्या बोलीतलं नाव तर द्यायचेच, पण शिवाय शास्त्रज्ञ देतात तसं दोन शब्दांचं लॅटिन नाव द्यायची मला हौस होती. तसं नाव दिलं की वाचणाऱ्याला वाटतं, असेल बुवा कुठेतरी. पहिल्या कादंबरीतली नावं मी एका जुन्या शब्दकोशावरून जुळवली होती आणि मला स्वतःचं फार कौतुक वाटत होतं.

त्या कादंबरीचं प्रकाशन आपल्या नगरातच झालं. कार्यक्रमाच्या शेवटी अध्यक्ष सवयीने म्हणाले, कुणाला काही विचारायचं असेल तर विचारा. तू उठलास. लेखिकेचा नवरा उठला म्हटल्यावर लोक कौतुकाने हसले. तू घसा साफ करून सांगितलंस की पानांवरून चालणाऱ्या प्राण्याला लेखिकेने फायलोबेटिस असं नाव दिलंय, पण त्या नावाचे बेडूक दक्षिण अमेरिकेत आधीपासून आहेत, ते विषारी आहेत आणि लेखिकेच्या प्राण्याशी त्यांचा काही संबंध नाही. एकाचं नाव दुसऱ्याला देता येत नाही, असा नियम आहे. एवढं बोलून तू खाली बसलास. अध्यक्षांनी चहा तयार असल्याचं जाहीर करून टाकलं.

घरी येऊन मी तुझ्याशी अक्षर बोलले नाही. तूच स्वयंपाकघरात आलास आणि विचारलंस, चूक होती की नव्हती? चूक होतीच. मी म्हणाले, मग आधी का नाही सांगितलंस? आधी दाखवलं होतंस का, असं तू विचारलंस. त्या दिवसापासून मी दाखवायला लागले. प्रत्येक हस्तलिखित छापायला जायच्या आधी तुझ्या टेबलावरून जायचं आणि लाल होऊन परत यायचं.

माझ्या खोट्या प्राण्यांवर तू इतका का तुटून पडतोस ते मला ठाऊक होतं, आणि मला ठाऊक आहे हे मी तुला अधूनमधून दाखवून द्यायचे. खर्ड्याच्या किल्ल्यामागच्या माळावर तुला दगडाखाली एक विंचू सापडला होता. तो अजून कुणी नोंदवलेला नाही याची तुला खात्री होती. पण तू काही तो छापायला देईनास. अजून एक पावसाळा बघू, अजून एखादी मादी मिळू दे, नांगीचं माप पुन्हा घेऊ. विंचू स्पिरिटच्या बाटलीत आपल्या कपाटात बसला आणि दुसरंच कुणीतरी त्याला नाव देऊन मोकळं झालं. जो आधी छापतो त्याने दिलेलं नाव चालतं. तू बाटली मात्र होती तिथेच ठेवलीस.

एकदा भांडण वाढलं तेव्हा मी तुला म्हणाले की तुला खरा एक मिळाला नाही आणि माझ्याकडे खोटे ढीगभर आहेत, म्हणून तुझा जळफळाट होतो. तू चष्मा काढून पुसलास. त्या रात्री तू जेवायला आला नाहीस आणि मीही हाक मारली नाही. मी पोटभर जेवले. त्याचं मला तेव्हा वाईट वाटलं नाही, आणि आता तू गेलास म्हणून वाटावं असंही काही नाही.

पण तुझ्या बाजूचंही सांगते, नाहीतर तू म्हणशील निरीक्षण एकांगी आहे. माझ्या कादंबऱ्या लोकांनी लहान मुलांच्या कपाटात ठेवल्या. माझ्याच स्टाफरूममध्ये मला विचारायचे, मॅडम, अजून तुमचं ते राक्षस-पऱ्यांचं चालूच आहे का? तू कधी तसं म्हणाला नाहीस. तू विचारायचास, पिल्लं किती होतात, उन्हाळ्यात पाणी कुठून मिळवतो, त्याला खाणारा कोण आहे. पाथर्डीच्या एसटीत एकदा तू माझ्या एका प्राण्याच्या जिभेबद्दल इतकं खोदून खोदून विचारलंस की पुढच्या सीटवरच्या बाईने वळून मला विचारलं, “डसतंय का वो ते?” तू तिला गंभीरपणे सांगितलंस की त्याबद्दल लेखिकेचं अजून ठरलेलं नाही. मी खिडकीबाहेर बघून हसत होते. त्या दिवशी तू मला फार आवडला होतास.

आता पाचट्याकडे येते. तिथून आपलं खरं फाटलं.

माझे आईवडील दरवर्षी पाथर्डीहून कोपरगावकडे ऊसतोडीला जायचे. माझी आई भामा, पायाने भरभर आणि तोंडाने त्याहून भरभर. दिवसभर ती दोघं फडात आणि आम्ही पोरं कोपीपाशी, म्हणजे उसाच्या पाचटाने शाकारलेल्या त्या झोपडीपाशी. समोर उभा ऊस. त्यात साप असायचे, बिबट्या असायचा, आणि पोरांना तर नेमकं तिथेच जायचं असायचं. आई कोयता घेऊन निघताना मला सांगायची, “त्यात पाचट्या हाय. पाचटासारखाच दिसतोय, म्हनून कळत न्हाई. उलटा चालतोय, म्हनून जातोय का येतोय ते बी कळत न्हाई. पैंजनाचा आवाज आला की तोंड उघडतोय.”

असा प्राणी दुसऱ्या कुणी ऐकलेला नव्हता. तो आईनेच केला होता, माझ्यापुरता. मी पैंजण काढून ठेवले आणि उसाकडे पाठ करून बसायला लागले. शेजारच्या कोपीत माझ्याच वयाची एक मुलगी होती. तिच्या आईने तिला नुसतं जाऊ नको म्हणून सांगितलं होतं. ती गेली, आणि तिला साप चावला. संध्याकाळी फडातून बायका परत आल्या तेव्हा ती कोपीत झाकून ठेवलेली होती.

हे सगळं तुला माहीत होतं, याकोब. लग्नाआधीच मी तुला सांगितलं होतं. म्हणून तुझ्या लाल पेनाला मी आजही माफ करत नाही.

पाचट्यावर मी माझी सर्वांत मोठी कादंबरी लिहिली. त्याच्या लॅटिन नावातला पहिला शब्द तूच शोधलास, सॅकरिकोला, म्हणजे उसात राहणारा. त्या नावाची एक बुरशी आहे म्हणालास, पण बुरशीचे नियम वेगळे आणि प्राण्यांचे वेगळे, तेव्हा चालेल. तुझा चेहरा खुलला होता. त्यापुढचा शब्द मी लिहिला, भामाए, म्हणजे भामेचा. तो तू खोडलास. मी विचारलं, का? तू बोटांवर मोजून कारणं सांगितलीस. घरच्या माणसांची नावं देणं वाईट दिसतं. नाव द्यायचं तर त्या प्राण्याचा नमुना संग्रहालयात ठेवलेला असावा लागतो. आणि शेवटी म्हणालास, तुझ्या आईने असं काय केलंय? पोराला भीती घातली. भीती घालणाऱ्या सगळ्या आयांची नावं द्यायची म्हटली तर प्राणी पुरणार नाहीत.

तेवढ्यावर तू थांबला असतास तरी मी गिळलं असतं. पण त्याच आठवड्यात आई दवाखान्याच्या कामासाठी आपल्याकडे राहायला आली. आपण जेवायला बसलो होतो. तू मजेत होतास, भात कालवता कालवता तिला म्हणालास, “मामी, पाचट्याचा नमुना कुठाय? नमुन्याशिवाय नाव देता येत नाही.”

“नमुना मंजी वो, पाव्हणं?”

तू समजावून सांगितलंस. पुरावा. असा प्राणी खरंच आहे हे दाखवणारी वस्तू, बाटलीत भरून ठेवलेली. आईने घास खाली ठेवला आणि माझ्याकडे हनुवटी केली. “ही काय बसलीय जेवाया. त्यो व्हता म्हनून ही हाय.”

तुला काहीच झालं नाही. हा नमुना धरता येणार नाही, असं म्हणून तू आमटी वाढून घेतलीस. आईला वाटलं आपलं काहीतरी चुकलं. ती नंतर ओट्यापाशी येऊन मला हळूच म्हणाली, पाव्हण्यास्नी राग आला का गं?

तू त्याला नाव दिलंस सॅकरिकोला व्हल्गॅरिस. व्हल्गॅरिस म्हणजे साधासुधा, कुठेही आढळणारा. माझ्या आईने जन्मभरात एक प्राणी केला, आणि तू त्याच्या कपाळावर कुठेही आढळणारा असं लिहिलंस. मी वाद घातला, रडले, दोन दिवस वरच्या खोलीत झोपले. तू एकच बोलत राहिलास, नियमात बसत नाही. आणि नियम म्हटला की मला त्या प्रकाशनाच्या सभागृहात खाली मान घालून बसलेली मीच दिसायचे. पुन्हा चार लोकांत चूक निघायला नको होती. मी तुझं नाव छापायला पाठवलं.

पुस्तक आलं तेव्हा मी पाथर्डीला जाऊन आईच्या हातात दिलं. तिला वाचता येत नव्हतं. तिने वास घेतला, पानं चाळली, पाचट्याचं चित्र बघून पोट धरून हसली. मग म्हणाली, “ह्यात माजं नाव कुटं हाय? बोट ठेव.”

मी म्हणाले, नाही आई, तुझं नाव नाही. ती म्हणाली, असूं दे. पुस्तक पुसून तिने देवापाशी ठेवलं. वर्षाच्या आतच ती गेली. तिच्या मातीला तू आलास, खांदा दिलास, घामाने निथळत होतास. परत येताना जीपमध्ये माझा हात धरलास. मी सोडवून घेतला.

त्यानंतर आपण नवराबायकोपेक्षा लेखक आणि तपासनीसच जास्त होतो. हस्तलिखितं टेबलावर येत राहिली, लाल होऊन परत जात राहिली. मी तुला चुका सापडाव्यात म्हणून मुद्दाम ठेवायला लागले आणि तू त्या न चुकता शोधायचास. त्यावर बोलायचो. दुसऱ्या कशावर बोलायचं आपण सोडून दिलं होतं.

मग तुझं दुखणं निघालं. दवाखान्यात तुला खिडकीजवळची खाट मिळाली होती. जायच्या चार-पाच दिवस आधीची दुपार, नर्स नुकतीच सलाईन बदलून गेली होती. मी नव्या कादंबरीची मुद्रितं तपासत बसले होते. तू बराच वेळ बघत होतास. मग अगदी हळू म्हणालास, “मंदा, एखाद्याला माझं नाव दे.”

मला आधी कळलंच नाही. तू पुन्हा म्हणालास, “एखादा किडा असला तरी चालेल.”

तुला काय हवं होतं ते मला समजलं. तुझ्या विषयातला प्रत्येक माणूस मनातल्या मनात त्याचीच वाट बघत असतो, की कुणीतरी आपलं नाव एखाद्या जिवाला देईल. तुझ्या विद्यार्थ्यांपैकी कुणी दिलं नाही, तुझ्या बरोबरीच्यांनी दिलं नाही. शेवटी तू माझ्याकडे आलास, माझ्या खोट्या प्राण्यांकडे. तुझे ओठ सुकले होते. मी चमच्याने पाणी घातलं, तोंड पुसलं आणि म्हणाले, “घरच्या माणसांची नावं देणं वाईट दिसतं, याकोब. आणि नमुना कुठाय?”

तू हसलास. खोकला येईपर्यंत हसलास. मग म्हणालास की ते नियम माझ्या प्राण्यांना लागूच नाहीत. नियमांच्या पुस्तकात पहिल्याच कलमात लिहिलंय, कल्पनेतल्या प्राण्यांना दिलेली नावं यात धरलेली नाहीत. मी काहीही लिहिलं असतं तरी चाललं असतं.

मुद्रितं माझ्या मांडीवरून घसरली. फायलोबेटिस चाललं असतं. भामाए चाललं असतं. आई जिवंत असताना, तिचं बोट धरून त्या शब्दावर ठेवता आलं असतं. मी विचारलं, “मग इतकी वर्षं हे काय केलंस?”

तू खिडकीकडे बघत म्हणालास, “नियम नाहीत म्हटलं असतं, तर तू मला काय विचारलं असतंस?”

मी उठले आणि खाली कँटीनमध्ये जाऊन चहा प्यायले. चहा चांगला होता, मी आणखी एक घेतला. तुला एकट्याला ठेवून यावं असंच मला वाटत होतं. वर आले तेव्हा तू झोपला होतास, आणि नंतरच्या दिवसांत तू बोललास ते पाणी, कूस, दिवा एवढंच. म्हणजे आपलं शेवटचं बोलणं तेच.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर मी तेव्हा दिलं नाही, आता देते. काहीही विचारलं असतं, गाढवा. खर्ड्याच्या माळावर मला का नेत नाहीस ते विचारलं असतं. विंचू हातचा गेला त्या रात्री तू अंगणात कशाला बसला होतास ते विचारलं असतं. प्राण्याची जीभ कशी ते तरीही विचारलंच असतं, कारण तुझ्यासारखं दुसरं कुणी मला सांगणार नव्हतं. तू मला एवढं विचारून बघायचं होतंस. त्यासाठी माझ्या आईचं नाव खोडायची गरज नव्हती. तू एकटा पडशील या भीतीने तू तिला पुसलंस, आणि ते तू शास्त्राच्या नावाखाली केलंस. प्रेमाने केलंस म्हणावं तर मला ओकारी येते, आणि प्रेमाने केलं नाहीस असंही मला म्हणता येत नाही.

तुझ्या दहाव्या दिवसाच्या प्रार्थनेनंतर प्रकाशकांचा फोन आला. पाचट्याच्या कादंबरीची नवी आवृत्ती निघतेय. अर्पणपत्रिका बदलून सरांच्या नावे करू या का, असं त्यांनी चाचरत विचारलं. मी म्हणाले, नको. नव्या आवृत्तीत एकच बदल करायचाय, प्राण्याचं नाव. त्यांनी विचारलं, पण आधीचं नाव छापून झालंय ना, आता बदललं तर चालेल का? तू असतास तर म्हणाला असतास, आधी छापलेलं नाव टिकतं. टिकलं असतं, याकोब, नियम लागू असते तर. मी त्यांना सांगितलं, चालेल, आमच्याकडे काहीही चालतं.

तेव्हा आता तो सॅकरिकोला भामाए. तिच्या मातीला सगळे होते आणि तिच्या नावाला मी एकटी आहे. मी ते मोठ्याने म्हणून बघितलं, बरं वाटलं, मग खूप रडले. तुझ्यासाठी त्यातलं किती होतं ते मला वेगळं काढता आलं नाही.

तुझं नाव मी कशालाही दिलेलं नाही. किड्यालासुद्धा नाही. तू मागितलंस आणि मी नाही म्हणाले, त्यावर मी ठाम आहे. मात्र तुझ्या पुस्तकातला एक नियम मी ठेवून घेतलाय, लागू नसताना. प्राण्याच्या लॅटिन नावानंतर ते नाव देणाऱ्याचं आडनाव लिहायची पद्धत आहे. पहिले दोन शब्द तिरक्या अक्षरांत आणि आडनाव सरळ. प्रकाशक म्हणाले, माहेरचं आडनाव लावायचं असेल तर हीच वेळ आहे. एक अख्खी दुपार मी ते लावून, कागदावर लिहून बघितलं. चांगलं दिसत होतं. मग खोडलं आणि तुझं लिहिलं.

सॅकरिकोला भामाए पाटोळे. माझ्या आईच्या मागे तू छापला जाशील, आवृत्तीमागून आवृत्ती. वाचणारे ते आडनाव माझं समजतील आणि मी कुणाला काही सांगणार नाही.